पालकांना घेऊन ये

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. फराळाचे डबे निम्मे झाले होते, पाहुणे पांगले होते, आणि आमची नात पुण्याहून आणलेला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडून, कपाळाला हात लावून बसली होती. मी सहज डोकावलो. काळ्या पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागलेली.

"काय गं, किती नापास?"

"तेवीसपैकी नऊ, आजोबा."

चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हा निकाल काही फार वाईट वाटला नाही. आमच्या शाळेचा निकाल साठ टक्के लागला की हेडमास्तर पेढे वाटायचे. पण नातीचं म्हणणं, यात नऊ काय, एक जरी नापास असली तरी प्रोग्राम पुढे पाठवायचा नाही. कडक परीक्षा!

आधी हा प्रोग्राम कुठला ते सांगतो. आमच्या गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. निवृत्तीनंतर मी तिथे संध्याकाळचे दोन तास बसतो. २०१५ साली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सभासदांची नोंद आणि पुस्तकांची देवघेव यासाठी एक प्रोग्राम करून दिला होता. तो 'रुबी ऑन रेल्स' नावाच्या चौकटीत लिहिलेला. रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली जगापुढे आणलेली संगणकाची भाषा, आणि रेल्स ही तिच्यात वेबसाइट उभी करण्यासाठी डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली दिलेली चौकट. घर बांधताना विटा आपल्या, पण नकाशा आणि खिडक्या-दारांची मापं आधीच ठरलेली, असा तो प्रकार. सात वर्षांत ही चौकट बरीच पुढे गेली. आमचा प्रोग्राम ४.२ या आवृत्तीवर अडकलेला. तेव्हा नातीने ७.० मध्ये नवं घर बांधलं आणि जुन्या घरातलं सामान, म्हणजे सभासद, पालक, पुस्तकं यांचे नियम आणि त्यांच्या चाचण्या, उचलून त्यात आणून ठेवलं. सामान तेच, माणसं तीच, आणि नऊ नापास.

"याला युनिट टेस्ट म्हणतात," ती म्हणाली.

"आम्ही घटक चाचणी म्हणायचो," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो.

मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण वाचता येतो थोडाफार. रुबी इंग्रजीसारखी वाचता येते आणि बी.ए. मराठी माध्यमातून केलं असलं तरी इंग्रजीचं मला वावडं नाही. शिवाय पेपर तपासायला पेपर लिहिता यावाच लागतो असं नाही. (हे वाक्य माझ्या वर्गातल्या पोरांनी वाचलं असतं तर...!)

पहिला लाल शेरा असा होता: 'एक्स्पेक्टेड फॉल्स टू बी ट्रुथी'. म्हणजे बरोबर यायला हवं होतं, चूक आलं. बस्स. कोणता नियम मोडला, कुठे मोडला, काही नाही. मी म्हणालो, अगं, हे म्हणजे उत्तरपत्रिकेवर नुसतं 'नापास' लिहून परत करण्यासारखं झालं. पोराने काय दुरुस्त करायचं? ती हसली आणि चाचणीच्या ओळीत एक शेपूट जोडलं, की नापास झालास तर चुकांची यादीही छाप.

इथे एक गंमत कळली. रेल्समधल्या प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या चुकांची एक यादी असते, पण 'तू वैध आहेस का?' असं विचारल्याशिवाय किंवा ती जतन करायला गेल्याशिवाय ती यादी रिकामीच दिसते. न विचारता यादी पाहिली तर वाटावं, काय गुणी बाळ आहे, एकही चूक नाही. तपासलंच नाही तर चूक कशी दिसणार? न तपासलेल्या वह्यांचे असे गठ्ठे मीही कपाटात ठेवलेले आहेत. असो.

यादी छापली तेव्हा नऊच्या नऊ ठिकाणी, कुठे सरळ तर कुठे आडून, एकच वाक्य निघालं: 'गार्डियन मस्ट एक्झिस्ट'. पालक असलाच पाहिजे.

कारण नातीला लगेच उमगलं. 'सभासद हा पालकाशी जोडलेला आहे' अशी एक ओळ आमच्या प्रोग्राममध्ये होती. जुन्या रेल्समध्ये या ओळीचा अर्थ 'पालक असेल तर त्याची नोंद तिकडे सापडेल' एवढाच होता. २०१६ साली रेल्सची ५ वी आवृत्ती आली आणि त्यापुढे नव्याने बांधलेल्या प्रोग्राममध्ये त्याच ओळीचा अर्थ झाला, 'पालक असलाच पाहिजे, नाहीतर नोंद होणार नाही'. ओळ तीच. एक अक्षर बदललेलं नाही. सवलत हवी असेल तर ओळीच्या शेवटी 'ऑप्शनल' असं लिहायचं, म्हणजे ऐच्छिक.

"लिहून टाकते. सगळं हिरवं होईल," ती म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. "नऊही जण एकाच कारणाने नापास झालेत, हे कशावरून?"

ही मास्तरांची खोड. आठ-नऊ मुलांचं एकच उत्तर चुकलं की सगळ्यांनी एकमेकांचं पाहिलं असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. नातीने तोंड वाकडं केलं, पण एकेक चाचणी उघडून दाखवली.

सहा सरळ होत्या. त्यातले सभासद प्रौढ होते. आता पंचावन्न वर्षांच्या पोस्टमास्तरांना कसला पालक? त्यांना सवलत हवीच. पण उरलेल्या तिघांचं दुखणं निराळं निघालं.

दोन चाचण्यांमधले सभासद बालसभासद होते आणि त्यांना पालक दिलेला होता. तरी शेरा तोच, पालक नाही. चाचणीसाठी जे नमुन्याचे सभासद लागतात त्यांना 'फिक्स्चर' म्हणतात. एका फाइलमध्ये त्यांची नावं-गावं लिहून ठेवायची. हे फिक्स्चर नियमांच्या दारातून आत येत नाहीत, थेट डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. पालकाचं नाव लिहिलं की त्या नावावरूनच एक क्रमांक तयार होतो आणि तो मुलापुढे टाकला जातो. मग त्या क्रमांकाचा पालक दुसऱ्या फाइलमध्ये खरोखर असो वा नसो! डेटाबेसला स्वतःला 'हा क्रमांक खरा आहे का बघ' असं बजावून ठेवलं असतं तर तिथे अडलं असतं, पण आमच्या जुन्या तक्त्यात तसं काही नव्हतं. नुसता आकड्यांचा एक रकाना.

नात वीस मिनिटं शोधत होती. मला मात्र ते दिसलं, आणि हे मी अभिमानाने सांगतो. पालकांच्या फाइलमध्ये 'दत्तात्रय' होतं, इंग्रजी लिपीत, सुरुवातीला दोन 'टी' घालून. मुलांच्या फाइलमध्ये तोच दत्तात्रय एका 'टी'चा. शुद्धलेखन! आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे कान पिळले, त्याचं सार्थक रुबीमध्ये झालं.

नववी चाचणी सगळ्यांत हट्टी. तिच्यात नवा पालक आणि त्याचं नवं मूल अशी दोघांची एकदमच नोंद करायची होती. संगणक म्हणाला, 'चिल्ड्रन इज इनव्हॅलिड'. मुलं अवैध. का, ते सांगेना. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रात 'आठवी ब चा निकाल असमाधानकारक' एवढंच असायचं, त्याची आठवण झाली. आठवी ब मध्ये जाऊन एकेका मुलाला विचारावं लागतं. तसं त्या मुलाच्या नोंदीला विचारलं, तर तिचं उत्तर पुन्हा, पालक असलाच पाहिजे.

अहो, पण पालक तर शेजारीच उभा आहे! बाप आणि लेक एकाच रांगेत, एकाच खिडकीपुढे आलेत. बापाच्या नोंदीत लेकाचं नाव आहे. पण बापाला अजून क्रमांक मिळालेला नाही, आणि लेकाच्या बाजूने 'हाच माझा बाप' हे कुणी सांगितलेलं नाही. एरवी रेल्स हे नातं आपलं आपण ओळखतं. पण आमच्या विद्यार्थ्याने तो रकाना 'पालक_आयडी' असा मराठीत ठेवला होता आणि तसं त्या ओळीत वेगळं नमूद केलं होतं. असं नमूद केलं की ते आपोआप ओळखणं बंद होतं. 'इन्व्हर्स ऑफ' असे दोन शब्द लिहून उलटं नातंही सांगावं लागतं. नातीने सांगितलं. मिटलं.

आता 'ऑप्शनल' लिहिलं की सगळं हिरवं होणार होतं आणि ती लॅपटॉप मिटणार होती. मी विचारलं, "आणि या चौदा हिरव्या आहेत त्या?"

"त्या पास आहेत, आजोबा."

"कशावरून?"

तिला वाटलं, म्हातारा आता छळतोय. तिला मी एक जुना किस्सा सांगितला. गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. एकदा १६/६४ ला अतिसंक्षिप्त रूप द्या म्हणालो. एका पठ्ठ्याने वरचा ६ आणि खालचा ६ खोडला आणि लिहिलं, १/४. उत्तर बरोबर! मी बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

चौदातली एक चाचणी अशी होती: मोबाइल नंबर नसलेला सभासद अवैध ठरला पाहिजे. चाचणीत नाव असलेला, नंबर नसलेला एक सभासद उभा केला होता. संगणक म्हणतो अवैध, चाचणी पास. मी म्हणालो, तो मोबाइलचा नियमच काढून टाक बरं जरा. तिने त्या ओळीपुढे फुली मारली. चाचणी पुन्हा चालवली.

तरी हिरवी.

नात पडद्याकडे बघत राहिली. नियमच नाही, तरी नियमाची चाचणी पास. कारण त्या बिचाऱ्या सभासदाला पालकही दिलेला नव्हता. तो नापास व्हायचा तो पालकाच्या नावाने, आणि आम्ही समजत होतो मोबाइलच्या नावाने. चौदापैकी अशा चार निघाल्या. नापास व्हायला हवा होता आणि नापास झाला, एवढंच पाहून आम्ही खूश. कशामुळे झाला ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिने त्या चारही नव्याने लिहिल्या. आधी सगळ्या बाजूंनी नीट असलेला सभासद घ्यायचा. तो वैध आहे याची खात्री करायची. मग त्याचं एकच काहीतरी काढून घ्यायचं, आणि चुकांच्या यादीत नेमकी त्याच रकान्याची चूक आली का ते बघायचं. सगळं आटोपलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

"आता फक्त तुमचा नियम सांगा," ती म्हणाली. "प्रौढांना पालक ऐच्छिक. बालसभासदाला सक्तीचा. बरोबर ना?"

वाचनालयाच्या नियमावलीत तसंच आहे. अठरा वर्षांखालच्या सभासदाच्या अर्जावर पालकाची सही आवश्यक. मी 'हो' म्हणणार होतो. ती टाइप करू लागली आणि मोठ्याने म्हणाली, "बालसभासद, पालक नाही, तर अवैध." चाचणीचं नाव होतं ते.

मी म्हणालो, "उद्या करू."

रात्री झोप लागली नाही. मंडळी, इतकी वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

१९८३ साल. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. बैलगाड्या जुंपून, नाहीतर ट्रकमध्ये बसून, माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तिथली मोजणी. पोरं बरोबर जातात, नाहीतर आजी-आजोबांपाशी मागे राहतात.

वर्गात असा एक मुलगा होता. अक्षर सुंदर. आठ दिवस आला नाही, नवव्या दिवशी आला. गैरहजेरीचा नियम ठरलेला होता आणि मी नियमाचा पक्का.

"पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस."

"आई-बा कारखान्याला गेलेत, गुरुजी."

"मग घरात कोण आहे?"

"आजी. तिला दिसत नाही."

मला वाटलं, सबब सांगतोय. आजीला घेऊन ये असं म्हणता आलं असतं. मीच त्याच्या घरी जाऊ शकलो असतो, वीस मिनिटांची वाट होती. यातलं काही केलं नाही. दोन दिवस तो व्हरांड्यात खिडकीपाशी बसून होता. मी फळ्यावर लिहायचो ते तिथून उतरवून घेत होता, ते मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी आला नाही. पुढे दप्तरी रजिस्टरात त्याच्या नावापुढे मी माझ्या हाताने कारण लिहिलं: 'सतत गैरहजर. नाव कमी केले.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या पानावर सही केली. नोंद नियमाप्रमाणे होती.

पुढे तो कुठे गेला ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांनी दसऱ्याच्या सुमारास गावाबाहेर ट्रकमध्ये चढताना दिसला. त्याने मला नमस्कार केला.

सकाळी नातीला एवढंच म्हणालो की नियम अजून ठरायचा आहे, ती ओळ मोकळी ठेव. ती भाऊबीज आटोपून पुण्याला गेली. मी वाचनालयाच्या समितीपुढे गेलो. आमचे चिटणीस सज्जन माणूस, पण त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. पोरं पुस्तकं नेतात, हरवतात, मग मागायचं कुणाकडे? ग्रंथपालांचा पगार द्यायला जिथे मारामार, तिथे हरवलेलं पुस्तक कुठून आणायचं? तासभर वाद झाला. मी १९८३ चं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की दिवाळीनंतरच्या सहा महिन्यांत आपल्याकडे बालसभासद होतात किती ते रजिस्टरात बघा. बघितलं. बोटावर मोजण्याइतके. आणि त्याच सहा महिन्यांत पोरं वाचनालयाच्या पायरीवर बसून वर्तमानपत्रांच्या पुरवण्या वाचत असतात, हे चिटणीसांनाही रोज दिसत होतं.

शेवटी असं ठरलं की पालकाची सही, किंवा वाचनालयाच्या कोणत्याही प्रौढ सभासदाची शिफारस, दोहोंपैकी एक हवं. पुस्तक हरवलं तर शिफारस करणारा भरून देईल. पहिल्या महिन्यात मी अकरा अर्जांवर सही केली. (आजवर दोन पुस्तकं भरून दिली. त्यातलं एक पावसात भिजलं होतं, ते धरू नये असं माझं मत आहे, पण चिटणीसांनी धरलं.)

नातीला फोनवर नियम सांगितला. ती म्हणाली, "आजोबा, चाचण्या तुम्हीच लिहा. मी बघते." आठवडाभर बसून मी तीन लिहिल्या. बालसभासद, पालक आहे, तर वैध. बालसभासद, पालक नाही आणि शिफारसही नाही, तर अवैध, आणि चूक त्याच कारणाची. तिसरी, बालसभासद, पालक नाही, शिफारस आहे, तर वैध. तिसरीसाठी नमुन्याचा मुलगा लागत होता. फिक्स्चरच्या फाइलमध्ये एक नाव टाइप केलं. स्पेलिंग दोनदा तपासलं. पालकाचा रकाना रिकामा ठेवला.

चालवल्या. तिन्ही हिरव्या.

मग शिफारशीची सवलत देणारा तुकडा प्रोग्राममधून तात्पुरता खोडला आणि पुन्हा चालवल्या. तिसरी लाल झाली. खाली कारण छापून आलं होतं, ते नीट वाचलं. खोडलेलं परत लिहिलं, आणि नातीला फोन लावला.